कपाटातला कोट आणि मनातला मान



ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे जातात आणि आमच्या घरातली कपाटं रिकामी होतात. सुती कुर्ते, पातळ टॉप, मुलीचे टी-शर्ट बॅगेत जातात. स्वेटर, कोट, थर्मल बाहेर येतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हे काम होत असणार. वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो आणि तिथून कार्तिक पौर्णिमेपर्यंत कठिन चीवरदानाचा महिना चालतो. म्हणजे कपड्यांवर विचार करायला धम्माच्या दिनदर्शिकेतही हाच काळ नेमलेला आहे.

यंदा या कामाला माझी आई सोबत होती. ती सहा महिन्यांसाठी इंग्लंडला आली आहे. वय पंचाहत्तर. कपड्यांच्या घड्या ती अजूनही अशा घालते की इस्त्री लागत नाही. बॅगेतून माझा एक लांब, राखाडी, लोकरीचा कोट निघाला. गेल्या हिवाळ्यात घेतलेला, माझा सर्वांत आवडता. आईने त्याच्यावरून हात फिरवला, अस्तर उलटून पाहिलं, शिवण पाहिली. म्हणाली, "कापड लय छान आहे. कितीले भेटला?"

मी म्हटलं, बारा पाउंडांना. तिने मनात पाउंडाचे रुपये केले आणि तिला खरं वाटेना. तेवढ्यात माझी सोळा वर्षांची मुलगी कौतुकाने म्हणाली, "आजी, तो सेकंड-हँड आहे. चॅरिटी शॉपमधला. कुणीतरी दिलेला."

आईचा हात कोटावरून बाजूला झाला. थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आम्ही लोकाइचे उतरलेले कपडे घालू घालू लहानाचे मोठे झालो. तुले एवढं शिकवलं. अन् तू इथं पैसे देऊन तेच आनतं काय?"

मुलगी गोंधळली. तिच्या मैत्रिणींमध्ये जुना कपडा घेणं हे शहाणपणाचं, पर्यावरणाची काळजी असल्याचं लक्षण आहे. नवा स्वस्त कपडा घेणाऱ्यालाच तिथे जरा ओशाळावं लागतं. आजीला नेमकं काय लागलं ते तिला कळेना. मला कळलं, पण उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

आईचं म्हणणं

आमचं गाव अमरावती जिल्ह्यात. माझी आजी, म्हणजे आईची आई, शेतात मजुरीला जायची. सणाला मालकाच्या घरून जुनेर मिळायचं. लुगडं विरलं की मधला फाटका भाग कापून उरलेले तुकडे जोडायचे आणि दांडाचं लुगडं नेसायचं. तेही फाटलं की गोधडीत जायचं. आईचा शाळेतला पहिला झगा मालकाच्या मुलीचा होता. दोघी एकाच वर्गात. एके दिवशी त्या मुलीने सगळ्यांसमोर सांगितलं, "हा माझा आहे." एवढंच. मारलं नाही, शिवी दिली नाही. आईने ही गोष्ट मला आयुष्यात दोनदाच सांगितली आहे.

हे एका गावाचं किंवा एका मालकाचं प्रकरण नव्हतं. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांच्या अंगावरची वस्त्रं वापरावीत आणि लोखंडाचे दागिने घालावेत असा नियमच आहे. कपडा हा ओळखीचा शिक्का होता. माणूस कोण हे दुरूनच कळावं, आणि त्याने ते स्वतःही विसरू नये, अशी ती योजना होती.

म्हणूनच बाबासाहेबांनी कपड्यांचा प्रश्न कधी किरकोळ मानला नाही. डिसेंबर १९२७मध्ये महाडला, मनुस्मृतीच्या दहनानंतर, त्यांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली. लुगडं कसं नेसावं, जातीची खूण ठरलेले जड दागिने का टाकावेत, कापड फाटकं असलं तरी स्वच्छ का असावं, हे त्यांनी बायकांना समजावून सांगितलं. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेला माणूस भर सभेत लुगड्याच्या नेसणीवर बोलतो, याचं आज कुणाला नवल वाटेल. पण शिक्का पुसायचा तर तो जिथे मारला आहे तिथूनच पुसावा लागतो.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेब पांढरं रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून उभे राहिले. समोर लाखोंचा समुदाय, तोही पांढऱ्या कपड्यांत. माझी आजी त्यात होती आणि सहा वर्षांची माझी आई तिच्या कडेवर. आजीने त्या दिवसासाठी लुगडं विकत घेतलं होतं. आई ही गोष्ट सांगते तेव्हा लुगडं पांढरं होतं हे नंतर सांगते. ते नवं होतं हे आधी सांगते.

माझं कपाट

आता माझ्या कपाटाकडे येते. या ऋतूत मी जे कपडे पुन्हा पुन्हा घालते ते चारच आहेत. प्रत्येकाने मला स्वतःबद्दल काहीतरी सांगितलं.

पहिला, गडद निळा ब्लेझर. मी क्लाउड इन्फ्रास्ट्रक्चरमध्ये काम करते. या क्षेत्रात कुणी ब्लेझर घालत नाही. आमचा विभागप्रमुख चुरगळलेल्या हूडीत येतो, एक वरिष्ठ सहकारी डिसेंबरातही हाफ पँट घालतो. स्टीव्ह जॉब्सने वर्षानुवर्षं तोच काळा टर्टलनेक घातला आणि ते त्याच्या प्रतिभेचं लक्षण ठरलं. मी मात्र ऑनलाइन मीटिंगलाही इस्त्रीचा शर्ट घालते.

याचं मूळ शोधलं तर ते पुण्यात सापडतं. एम.टेक. झाल्यावर मी तिथे पहिली नोकरी धरली. जेवणाच्या सुट्टीत आडनावावरून गावावर, गावावरून आणखी कशावर तरी विषय गेला. मी सरळ सांगितलं. एक सहकारी अगदी गोड हसून म्हणाली, "अय्या, तुमच्याकडे बघून वाटत नाही हो!" तिला ती स्तुती वाटत होती. हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं असेल याची मी कल्पना करू शकते. त्या दिवसापासून माझ्या कपड्यांना एक काम लागलं. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी उत्तर देऊन ठेवायचं.

माझ्या व्यवसायात याला लेगसी कोड म्हणतात. कुणीतरी, कधीतरी, खऱ्या संकटात लिहिलेला कोड. संकट गेलं तरी तो चालूच राहतो. काढायला भीती वाटते, कारण काढल्यावर काय कोसळेल ते कुणालाच माहीत नसतं. आणि संकट खरोखर गेलं आहे का, याचीही खात्री नसते.

दुसरी, पांढरी सुती साडी, निळ्या काठाची. ती धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाला नेसते. आपल्या भाड्याच्या हॉलमधलं हीटिंग कसं आहे हे सर्वांना माहीत आहे, म्हणून साडीखाली थर्मल आणि पायात बूट असतात. तरी ती नेसल्यावर मी वेगळी चालते. कुणाला काही सिद्ध करायचं नसतं. त्रिसरण-पंचशील म्हणताना सगळा हॉल पांढरा दिसतो आणि त्यात मी कुठे आहे हे शोधावं लागतं. मला ते आवडतं.

तिसरा, घरातला कुर्ता. कोपरावर विरलेला, पंधरा वर्षांचा. कुणी पाहत नसताना मी हाच घालते. याच्याबद्दल मला काहीच सांगायचं नाही, आणि बहुधा म्हणूनच तो सर्वांत प्रामाणिक आहे.

चौथा, तो राखाडी कोट.

मान

पालीमध्ये 'मान' हा शब्द आहे. मराठीत मान म्हणजे आदर. लग्नात मान, पंगतीत मान, मानाचं पान. पालीत मात्र मान हा मनाचा एक मळ आहे, स्वतःला सतत दुसऱ्याशी मोजत राहण्याची सवय. सुत्तांमध्ये त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: मी श्रेष्ठ आहे, मी बरोबरीचा आहे, मी हीन आहे. श्रेष्ठत्वाची भावना हा मळ आहे हे लगेच पटतं. हीनत्वाची भावनाही तीच मोजपट्टी उलटी धरते, हेही थोड्या विचाराने पटतं. पण मी बरोबरीची आहे, हाही मळ?

या ठिकाणी मी बरीच वर्षं अडले होते. आपला सगळा लढा बरोबरीचा. चवदार तळं, काळाराम मंदिर, संविधान, सगळं समतेसाठी. मग बुद्ध बरोबरीच्या भावनेलाही मान म्हणतात म्हणजे काय?

माझ्यापुरतं मला असं उमगलं. बरोबरीचा हक्क मागताना मी व्यवस्थेला मोजत असते. पाणी सर्वांना मिळतं का, नोकरी गुणांवर मिळते का, गणवेश सर्वांना सारखा आहे का. हे मोजमाप बाहेर आहे, ते पूर्ण होऊ शकतं आणि झालंच पाहिजे. मनातलं मोजमाप वेगळं. ते प्रत्येक खोलीत शिरताना नव्याने सुरू होतं. हिचा कोट कुठला, माझा कुठला. त्याने मला पाहिलं तेव्हा काय पाहिलं. ते कधीच पूर्ण होत नाही. ब्लेझर घातला की मी बरोबरीची होते, काढला की पुन्हा शंका. जी बरोबरी कपड्याबरोबर हँगरला लटकते ती समता कशी?

हे मला कळतं, तरी उद्या मी ब्लेझर घालणारच आहे. बाहेरचं मोजमाप अजून पूर्ण झालेलं नाही, आणि चुरगळलेल्या हूडीत येण्याची मुभा सर्वांना सारखी मिळालेली नाही. ज्याच्याबद्दल कुणाला शंका नाही तोच ढगळ राहू शकतो. १९३१च्या गोलमेज परिषदेला गांधीजी पंचा नेसून आले आणि जगाने त्यांच्या साधेपणाचं कौतुक केलं. बाबासाहेब सुटात होते. उघड्या अंगाने गेले असते तर जगाला त्यात साधेपणा दिसला नसता. अस्पृश्य असाच असतो, असंच दिसलं असतं. ज्यांचे कपडे हिरावले गेले होते त्यांच्यासाठी सूट हे आभूषण नव्हतं, ते निवेदन होतं. गावोगावच्या पुतळ्यांनी तो निळा सूट आजही घातला आहे तो याच कारणाने. फरक एवढाच ध्यानात ठेवायचा की बाबासाहेबांच्या सुटाने कोट्यवधींसाठी काही मागितलं. माझा ब्लेझर पुष्कळदा फक्त माझ्यासाठी मागतो.

उपालीने काय नाकारलं

भगवान बुद्धांनी स्वतः सांगितलं आहे की तरुणपणी त्यांचा फेटा, अंगरखा, नेसूचं, उपरणं सगळं काशीच्या तलम कापडाचं असे. ते त्यांनी टाकलं आणि पांसुकूल पांघरलं. पांसुकूल म्हणजे उकिरड्यावर, स्मशानात टाकून दिलेलं, धुळीतलं कापड. विचार करा: मृताचं वस्त्र. मनुस्मृती चांडाळाच्या अंगावर जे लादते, तेच बुद्ध स्वतःच्या हाताने उचलतात. कापड एकच. एका ठिकाणी ते बेडी आहे, दुसऱ्या ठिकाणी मुक्ती. मग फरक कापडात नाही. तो उचलणाऱ्या हाताला नाही म्हणता येत होतं का, यात आहे.

बाबासाहेबांनी १९५०मध्ये महाबोधी नियतकालिकात लिहिलेल्या लेखात खऱ्या धर्माच्या कसोट्या सांगितल्या. त्यातली एक अशी की धर्माने दारिद्र्याला पावित्र्य देऊ नये. ज्याच्याजवळ आहे त्याने ते सोडणं ही कदाचित कल्याणाची अवस्था असेल, पण दारिद्र्य ही तशी अवस्था कधीच नाही, असं त्यांचं म्हणणं. आजकाल मोजक्या कपड्यांच्या कपाटाची, कॅप्सूल वॉर्डरोबची मोठी चलती आहे. तेहेतीसच कपडे ठेवा, मन शांत होईल वगैरे. हे सांगणाऱ्यांना मी एवढंच विचारेन की ज्याच्याकडे दोनच जोड होते त्याचं मन शांत का नव्हतं? सोडण्याचं सुख आधी असण्याच्या पायावर उभं राहतं.

याच संदर्भात मला विनयपिटकातली उपालीची गोष्ट पुन्हा वाचावीशी वाटली. आपण सर्वांनी ती ऐकली आहे, पण कपड्यांच्या अंगाने बहुधा पाहिली नाही. अनुरुद्ध, भद्दिय, आनंद आणि आणखी शाक्य राजपुत्र प्रव्रज्येसाठी निघाले. सोबत त्यांचा न्हावी उपाली. सीमा ओलांडल्यावर राजपुत्रांनी अंगावरचे दागिने उतरवले, उपरण्यात गाठोडं बांधलं आणि उपालीला दिलं. परत जा, तुझ्या पोटापाण्याला एवढं पुरेल. गाठोड्यात आयुष्यभराची सोय होती. उपाली थोडं चालला आणि थांबला. शाक्य तापट आहेत, कुमारांना पळवून लावलं म्हणून आपल्याला मारतील, ही भीती त्याला होतीच. पण त्याच्या मनात दुसराही विचार आला: हे राजपुत्र असून सगळं सोडतात, तर मी का नाही? त्याने ते गाठोडं झाडाला टांगलं, ज्याला दिसेल त्याने न्यावं म्हणाला, आणि मागे वळून त्यांच्याबरोबर गेला.

थोरांनी उतरवलेलं त्याने नाकारलं. जे राजपुत्र घेणार होते तेच त्याने मागितलं, आणि ते होतं चिंध्यांचं चीवर!

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. शाक्य कुमार भगवंतांना म्हणाले, आम्ही शाक्य मानी आहोत. उपालीला आधी प्रव्रज्या द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावं लागेल आणि आमचा मान उतरेल. तसंच झालं. मूळ शब्द 'मान' हाच आहे. त्या दिवशी दागिने उतरले हे काही फार मोठं नव्हतं. ते झाडावरसुद्धा टांगता आले. खरं उतरायला हवं होतं ते मान, आणि तो न्हाव्यासमोर वाकल्याशिवाय उतरणार नव्हता.

ही गोष्ट वाचल्यावर मला आईचं वाक्य समजलं. तिने कोट नाकारला नाही. तिने गाठोडं नाकारलं.

निर्दोष सुख

मग माझ्या कोटाचं काय? तो गाठोडं आहे की पांसुकूल?

चॅरिटी शॉपमध्ये देणारा आणि घेणारा एकमेकांना पाहत नाहीत. मी हात पसरून उभी नव्हते. पैसे दिले, पावती घेतली. कुणी वर्गात उठून 'हा माझा आहे' म्हणणार नाही. नाही म्हणायची सोय मला पूर्ण होती. म्हणून माझ्यापुरता तो पांसुकुलाच्या जवळ जातो. पण त्याच दुकानात दुसऱ्या रांगेत एखादी आई मुलासाठी गणवेशाचा स्वेटर शोधत असेल, जिला दुसरा मार्गच नाही. तिच्या दृष्टीने तो वेगळा कपडा आहे. दुकान तेच, किंमत तीच. हे मी विसरले तर माझा साधेपणा म्हणजे नुसती फॅशन.

धम्माने गृहस्थाला चांगलं नेसू नका असं कधी सांगितलेलं नाही. उपोसथाला अष्टशील पाळताना माळा, गंध, अलंकार बाजूला ठेवायचे असतात. ते एका दिवसाचं शिक्षण आहे, म्हणजे इतर दिवशी ते असतात हे गृहीत आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेतला संतती अमात्य तर सगळे दागिने अंगावर असतानाच अर्हत झाला, आणि वेश नव्हे, शांत आणि संयमी आचरण माणसाला श्रमण बनवतं, असा त्या गाथेचा आशय आहे.

अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखं सांगितली: संपत्ती असण्याचं सुख, ती भोगण्याचं सुख, ऋण नसण्याचं सुख आणि निर्दोष असण्याचं सुख. पहिली तिन्ही मिळून चौथ्याच्या सोळाव्या हिश्श्याचीही नाहीत, असंही सांगितलं. मला कपड्यांसाठी ही कसोटी फार उपयोगी वाटते. माझ्या कष्टाच्या पैशाचं आहे का? मी ते आनंदाने वापरते का, की नुसतं कपाटात ठेवते? क्रेडिट कार्डावर घेतलं का? आणि त्यात कुणाचं दुःख शिवलेलं आहे का?

चौथा प्रश्न अवघड आहे. २४ एप्रिल २०१३ला ढाक्याजवळ साभार इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक लोक मेले. त्यांच्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशी दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं गेलं. इथल्या मोठ्या दुकानांतले कपडे त्या इमारतीत शिवले जात होते. मालकाच्या दारात जुनेरासाठी उभी असलेली माझी आजी आणि तडे गेलेल्या इमारतीत मशीनवर बसलेली ती मुलगी, या दोघींनाही नाही म्हणायची सोय नव्हती. चार पाउंडांचा टॉप घेताना मी कोणाच्या बाजूला उभी असते?

आणि टाकलेल्या कपड्यांचं काय होतं? दानपेटीत टाकलेल्या पिशव्यांपैकी पुष्कळ मोठा हिस्सा जहाजांनी बाहेर जातो. काही आपल्याकडे पानिपतला पोहोचतो. तिथे लोकर फाडून पुन्हा सूत काढतात आणि त्याच्या गोधड्यांसारख्या चादरी, ब्लँकेटं होतात. काही घानामध्ये आक्राच्या कांतामांतो बाजारात जातो. तिथल्या अकान भाषेत या कपड्यांना 'ओब्रोनी वावू' म्हणतात. अर्थ असा: मेलेल्या गोऱ्या माणसाचे कपडे. एवढे चांगले कपडे कुणी जिवंतपणी टाकून देईल हे लोकांना पटेना, तेव्हा मालक मेलाच असणार, अशी ती समजूत. त्यातले विकण्याजोगे नसलेले कपडे कचऱ्यात आणि समुद्रकिनाऱ्यावर जातात. मृतांची वस्त्रं दुसऱ्याच्या दारात पोचवण्याची पद्धत काही मनुस्मृतीबरोबर जळून गेली नाही. आणि या वेळी पिशवी भरणाऱ्यांमध्ये मीही आहे.

आनंद थेरांना राजा उदेनाने हाच हिशेब विचारला होता. राजाच्या अंतःपुरातल्या स्त्रियांनी त्यांना पाचशे चीवरं दिली. राजाला शंका आली, एक भिक्खू एवढ्यांचं करणार काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरं विरली आहेत त्यांना वाटू. आणि विरलेल्यांचं? वरची आच्छादनं करू. जुन्या आच्छादनांचं? गाद्यांचे अभ्रे. मग जमिनीवरची अंथरणं, मग पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी त्या फडक्यांच्या चिंध्या चिखलात कालवून जमीन लिंपू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे दिली. आनंदांच्या हिशेबात कुठेही 'दुसरीकडे पाठवून देऊ' असं नाही. शेवटची चिंधी त्यांच्याच विहाराच्या जमिनीत जाते. माझ्या आजीची गोधडी हेच करत होती. फरक एवढाच की तिला कुणी आणखी पाचशे दिली नाहीत.

शेवटी

मी आईला उपालीची गोष्ट सांगितली. तिने ती शांतपणे ऐकली आणि म्हणाली, "बरं केलं त्यानं." मग कोटाचं सैल झालेलं एक बटण तिने पक्कं लावून दिलं. म्हणाली, "तू घाल. तुले शोभते. मी नाही घालनार." मला वाटतं हे दोन्ही बरोबर आहे. तिचं नाही म्हणणं तिने फार मोठी किंमत देऊन मिळवलं आहे आणि ते माझ्या कुठल्याही युक्तिवादाने सुटू नये. माझ्या मुलीला मात्र मी त्या झग्याची गोष्ट सांगितली, आईच्या परवानगीने. ती आजही सेकंड-हँडच घेते. पण आजीसमोर त्याचं कौतुक करत नाही.

आता एक सूचना, आपल्या मंडळापुरती. दरवर्षी या सुमारास आपल्या गटात विचारणा होते की घरातले जुने कपडे गोळा करून गावाकडच्या वस्त्यांमध्ये पाठवूया का. हेतू चांगला असतो. मीही पूर्वी पिशव्या भरून दिल्या आहेत. यंदा मी देणार नाही. पाठवायचंच तर नवं पाठवू. एकाच शाळेतल्या दहाच मुलांना का होईना, दुकानातून मापाने घेतलेला, पहिल्यांदा त्यांच्याच अंगावर चढणारा गणवेश. आणि तो वाटताना हारतुरे, फोटो नकोत. पैसे सरळ पालकांच्या हातात जावेत, म्हणजे निवडही त्यांची राहील. जुने कपडे आपण इथेच वापरू, दुरुस्त करू, एकमेकांत बदलू. आपल्यात कुणी देणारा आणि कुणी घेणारा नाही, म्हणून आपल्याला ते शोभेल.

कठिन चीवरदानाची सुरुवात पावसात भिजून, चिखलाने भरलेली चीवरं घालून श्रावस्तीला पोचलेल्या तीस भिक्खूंपासून झाली.  कठिनाचं कापड संघाला दिलं जातं आणि भिक्खू ते एकत्र बसून, एकाच दिवसात, कापून, शिवून, रंगवून पूर्ण करतात. कार्तिक पौर्णिमेच्या कार्यक्रमाला भेटूच. मी त्या राखाडी कोटात असेन. हॉलमध्ये थंडी असते.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.